न विचारता चढवलेले दगड

कोद्रा, १४ मार्च १९९३

पाश्क, माझ्या पाठच्या भावा,

सुखरूप राहा, आणि परक्या मुलखातला दगड तुझ्या हातांना हलका लागो.

खुशाली नंतर लिहिते. आधी बातमी, कारण ती माझ्या पोटात मावत नाहीये. डोंगरावर दगडांनी लिहिलेल्या हुकूमशहाच्या नावाचं काय करायचं, ते गावानं ठरवायचं आहे. गावानं, पाश्क. राजधानीनं नाही, पार्टीनं नाही. हुकूमशहाच्या ज्या खुणा उरल्यात त्यांच्याबद्दल ज्या त्या गावानं मत घ्यावं आणि वर कळवावं, असा जिल्ह्याहून कागद आलाय. तो झेफ मास्तरांनी वाचून दाखवला. म्हणाले, जन्मभर मी पोरांकडून उत्तरं पाठ करून घेतली, सरकारनं प्रश्न विचारलेला आज पहिल्यांदा पाहतोय.

रविवारी जुन्या सामुदायिक शेतीच्या गोदामात सभा भरली. रीतीप्रमाणे घरटी एक पुरुष. मी कॉफी करायला म्हणून गेले आणि तिथेच थांबले. बाईच्या हातात कॉफीचं भांडं असलं की तिला कुणी जा म्हणत नाही.

काय ती सभा. आपले पुरुष एवढे बोलतात हे मला ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं सगळे तोंडात बोळा घालून बसले होते. कोल मार्का, तोच आपला सामुदायिक शेतीचा माजी अध्यक्ष, उभा राहिला आणि म्हणाला, नाव राहू द्या, वाईट असला तरी तो इतिहास आहे, दर वसंतात लागणारा चुना मी देतो. मागून कुणीतरी म्हणालं, “तू आम्हाला पंचवीस वर्षं चुना लावलास कोल, आता हात धू.” गोदाम हसून हसून पडायचं राहिलं. मास्तरांचं म्हणणं, नाव ठेवा पण खाली पाटी लावा, म्हणजे पोरांना कळेल. आमचा शेजारी नूए म्हणाला, सुरुंग लावा आणि मोकळे व्हा. तरुण पोरं त्याच्याच बाजूची. हात वर झाले आणि सुरुंग जिंकला. लष्कराला कळवायचं ठरलं.

मला मात्र ही घाई पटली नाही. तुला काय वाटतं ते लिही. आणि सहज विचारते. तुम्ही पोरांनी ते दगड वर वाहिले, तेव्हा आमच्या शेतातला अक्रोडाजवळचा मोठा दगड कुठल्या अक्षरात गेला, आठवतं का?

माझा गीन बरा आहे. कमरेत उसण भरलीय, म्हणून घरातच असतो.

तुझी बहीण,
दिला

ब्रेशियाजवळ, २ एप्रिल १९९३

दिलाताई,

तुझं पत्र खोलीतल्या सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मग एकानं राकीची बाटली काढली. आपल्याकडची आहे, लग्नासाठी म्हणून जपून ठेवली होती त्यानं. म्हणाला, ह्यापेक्षा मोठं लग्न कुठलं असणार?

उडवा. एकदाचं उडवा. मी आत्ता तिथे असतो तर वातीला काडी मीच लावली असती. तुझ्या माहेरच्या दारातून ती अक्षरं कशी दिसायची आठवतं ना? आई भाकरीचं पीठ मळायला बसायची ती डोंगराकडे पाठ करून. बाबांना तांब्याच्या खाणीत धाडलं त्या दिवशीही अक्षरं धुतल्यासारखी पांढरी होती, कारण एक मे जवळ आला होता आणि आम्हीच, शाळेच्या पोरांनी, आदल्या आठवड्यात त्यांना चुना दिला होता. शत्रूचा पोरगा म्हणून मला सगळ्यांत वरचं अक्षर द्यायचे. तिथे उतार उभा आहे आणि पाय ठरत नाही.

मास्तरांच्या पाटीचं मला हसू आलं. इथे आमच्या मुकादमाच्या गावच्या चौकात इथल्या लोकांच्या हुकूमशहाच्या काळचा संगमरवरी खांब आहे. त्यावरही पाटी आहे. पोरं खांबाला टेकून आइस्क्रीम खातात. मी एकाला विचारलं, बाळा, हे काय आहे? तो म्हणाला, बस इथे थांबते. बघ, पाटीनं हे होतं.

दगडाचं काय विचारतेस ताई? डोंगरभर दगड होते, एक आठवायचा कसा? ते सगळे उडोत, तुझाही उडो. माझ्यासाठी एक कपची ठेव, पांढऱ्या बाजूची.

गीनच्या कमरेसाठी मलम पाठवतोय. एवढा दांडगा पोर, चोवीस वर्षांचा, आणि त्याची कंबर धरते? मामाच्या वळणावर नाही गेला.

पाश्क

कोद्रा, २० एप्रिल १९९३

पाश्क, भावा,

मलम पोचलं. वास फार चांगला आहे.

आता ऐक, तुझी बहीण काय करून बसली आहे. मागच्या सभेचा निकाल लिहून जिल्ह्याला जाणार, त्याच्या आदल्या सकाळी मी मास्तरांच्या घरी गेले. म्हटलं, मास्तर, कायद्यात मत कुणाला आहे? म्हणाले, अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला. म्हटलं, मग आम्ही बायका अठराच्या झालो नाही वाटतं अजून. मास्तर भला माणूस. त्यांनी त्याच दिवशी दवंडी दिली की सभा परत होईल, आणि घरटी एक असं चालणार नाही.

ह्या खेपेला गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. म्हाताऱ्या आल्या, लेकुरवाळ्या आल्या, काळे घागरे नेसून, जशा मयताला जातात तशा. पुरुषांना बसायचं कुठं कळेना. मी उभी राहिले, पाश्क. मी विचारलं, ते दगड आले कुठून? डोंगरावर तर तेवढे नव्हते. मग एकेक बाई बोलायला लागली. एकीच्या गोठ्याचा उंबरा तिथे आहे. एकीच्या सासूच्या थडग्यावरचा दगड तिथे आहे. आणि शेताशेतांचे हद्दीचे दगड तर सगळेच तिथे आहेत, कारण सामुदायिक शेती आली तेव्हा हद्दीच उरल्या नाहीत, मग दगड हवेत कशाला? बरेचसे पुरुष तेव्हा खाणीत होते. उपटून न्यायला बहुतेक पोरं आणि बायकाच होत्या, म्हणून बायकांनाच आठवतं.

मी म्हटलं, त्या हुकूमशहानं हे न विचारता चढवले. तुम्ही न विचारता उडवणार. मग बदललं काय?

नूए उठला आणि म्हणाला, “दिला, तुला नाव वाचवायचंय की आणखी काही?” मी म्हटलं, नाव जाऊ दे खड्ड्यात, दगड वाचवायचेत. मतं झाली. सुरुंग हरला. प्रत्येक घराला विचारायचं, ज्याचा दगड त्यानं उतरवायचा, असं ठरलं. कोल मार्का उगाच टाळ्या वाजवत होता. त्याला वाटलं त्याचं नाव वाचलं.

तू रागावशील हे मला माहीत आहे. पण तूही त्या अक्रोडाजवळच्या दगडाचं जरा डोकं खाजवून बघ.

दिला

ब्रेशियाजवळ, ५ मे १९९३

ताई,

पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचायला धीर झाला नाही.

तुला झालंय काय? एवढी संधी हातात आली आणि तू गावाला दगड मोजायला बसवतेस? घरोघरी विचारता विचारता दहा वर्षं जातील आणि तोवर ते नाव डोक्यावर बसून हसत राहील. कोल मार्का टाळ्या वाजवतो ह्यातच सगळं आलं. आज ज्या बाजूला कोल उभा आहे त्या बाजूला आपल्या बाबांची मुलगी उभी आहे. त्यांना खाणीतून कसं आणलं ते तू विसरलीस, की लग्न होऊन वरच्या गावात गेलीस म्हणून माहेरचं दुःख खालीच राहिलं?

आणि एका दगडासाठी? सारखा तो दगड, तो दगड. सोन्याचा होता का?

मी गप्प बसणार नाही. इथे ह्या खोऱ्यातले आपले जेवढे लोक आहेत तेवढ्यांच्या सह्या घेतल्या आणि जिल्ह्याला अर्ज लिहिलाय की परदेशात घाम गाळणाऱ्यांचंही मत धरा आणि संत अँथनीच्या सणाआधी, १३ जूनच्या आत, ते नाव उडवा. इथल्या दगडखाणीत माझ्याबरोबर काम करणारा एक जण परवा बोटीनं तिकडे येतोय, अर्ज त्याच्या हातानं पोचेल.

ह्यात गीन काय म्हणतो? तो पुरुष आहे घरातला. सारखं उसणीचं निमित्त सांगून त्याला आत बसवू नकोस.

पाश्क

कोद्रा, १७ मे १९९३

पाश्क,

तुझा अर्ज पोचला. एवढा चांगला पोचला की लष्कराची तुकडी ५ जूनला सुरुंग घेऊन येतेय. इकडे आम्ही बायकांनी मतं घेऊन जे थांबवलं, ते तू उंटावरून शेळ्या हाकून सुरू केलंस. आता झाकून उपयोग नाही. खुर्ची ओढ आणि बसून वाच.

गीनच्या कमरेला काही झालेलं नाही. तुझ्या मलमानं मी गाईचे सड चोळते.

फेब्रुवारीत जमिनी परत मिळाल्या. अक्रोडाजवळचा पट्टा गीन नांगरायला गेला, तर नूएचा थोरला बंदूक घेऊन आला आणि म्हणाला, हद्द अक्रोडाच्या अलीकडे आहे, नांगर मागे घे. गीन म्हणाला, पलीकडे आहे. शब्दानं शब्द वाढला. गीननं त्याच्या तोंडात मारली, चारचौघांत. तू आपल्या डोंगरातलाच आहेस, अशा थपडेची फेड रक्तानंच होते हे तुला सांगायला नको. मास्तरांनी मध्ये पडून दोन्ही घरांकडून बेसा घेतली, कुणी कुणावर हात टाकणार नाही असा शब्द, आणि बेसा दिली की ती पाळायचीच. पण ती संत अँथनीच्या सणापर्यंतच आहे. तो दिवस मावळला की नूएची पोरं बंदूक उचलायला मोकळी आणि गीनही मोकळा. तोवर गीननं त्यांच्या नजरेस पडायचं नाही अशी अट आहे, म्हणून तो घराच्या आत आहे, खिडकीला जातं टेकवलंय, आणि मी त्याला ऊन दाखवायला दार फटीएवढं उघडते.

तुला कळवलं नाही, कारण तू मामा आहेस. कळलं असतं तर पहिल्या बोटीनं आला असतास, आणि मग इकडे आणखी एक बंदूक मोजली गेली असती. अजूनही सांगते, येऊ नकोस.

आता दगडाचं ऐक. आमच्या गावची रीत तुला ठाऊक नसेल. हद्दीचा दगड पुरताना त्याच्याच चार कपच्या काढून त्याच्याभोवती खोल पुरतात, नांगर पोचणार नाही एवढ्या खोल. त्यांना साक्षीदार म्हणतात. साक्षीदार आजही शेतात आहेत. पण शेतात दगडांना काय तोटा? कुठली कपची साक्षीदार आणि कुठली नुसती कपची, हे मोठा दगड आणून ती त्याच्या खाचेत बसवून पाहिल्याशिवाय कळत नाही. नूएलाही हे मान्य आहे. पण तो म्हणतो, तुमचा दगड कुठला, ते डोंगरभर दगडांतून ओळखणार कोण?

तो दगड उडाला तर हद्द उडाली, आणि हद्द उडाली तर माझा पोर गेला. एवढ्यासाठी मी कोल मार्काच्या टाळ्या ऐकून घेतल्या.

तुझ्या दाजींबरोबर तेव्हा वाहायला तूच होतास. ते आज असते तर त्यांनीच सांगितलं असतं. आठव, पाश्क. जेवण सोड, झोप सोड, पण आठव.

दिला

ब्रेशियाजवळ, २५ मे १९९३

ताई,

हे पत्र आजच्या बोटीनं माणसाच्या हातात देतोय. जिल्ह्याला तार केली की आमचा अर्ज मागे घेतो, माहिती अपुरी होती. मनात वेगळंच लिहायचं होतं, मी गाढव आहे म्हणून. तारेत शब्द वाचवले.

दाजींबद्दल लिहिलंस आणि धागा सापडला. मी दगड आठवत होतो, म्हणून आठवत नव्हता. माणूस आठवला आणि त्याच्या मागून दगड आला.

पावसाची भुरभुर होती. दाजी पुढे आणि मी मागे, मधे काठीला बांधलेला तुमचा दगड. तिसऱ्या अक्षराचे दोन हात जिथे खाली येऊन एकमेकांना भिडतात, त्या टोकाला आम्हाला तो बसवायचा होता. दगडाच्या एका अंगावर बारीक क्रूस कोरलेला होता, तुझ्या सासऱ्यांच्या बापानं कोरलेला. चर्च बंद करून तेव्हा दोन वर्षं झाली होती. क्रूस दिसला असता तर दाजींना तिथूनच नेलं असतं. मी घाबरून म्हटलं, छिन्नीनं खरवडू या. तर दाजी हळूच म्हणाले, “खरवडायचा नाही. तोंड खाली करून ठेवू. चुना पाठीवर बसेल, तोंडाला लागणार नाही.” आणि तसाच ठेवला. मुकादम म्हणाला, उलटा का ठेवता? दाजी म्हणाले, ह्या बाजूनं जास्त सपाट आहे, साहेब, नाव छान दिसेल. मुकादमानं त्यांना सिगारेट दिली.

तिसरं अक्षर, खालचं टोक, क्रूस खाली. जा आणि तो उलटव.

अक्रोडाच्या कुठल्या अंगाला तो पुरलेला होता, ते मात्र मला आठवत नाही ताई, शपथेवर आठवत नाही. तुमच्या बाजूला निघो.

एक मात्र सांगतो. माझं मत बदललेलं नाही. नाव गेलंच पाहिजे. फक्त तुझा दगड निघाल्यावर.

मी येत नाही. तू म्हणतेस म्हणून. इथे बसून बोटांवर दिवस मोजतोय.

पाश्क

कोद्रा, १४ जून १९९३

पाश्क, माझ्या राजा,

तुला सगळं सांगायचंय आणि कुठून सुरू करू कळत नाहीये.

तुझं पत्र ४ तारखेला संध्याकाळी मिळालं, तार जिल्ह्यात कुठल्या टेबलावर निजली होती देव जाणे. म्हणजे ५ तारखेला सकाळी लष्कराची गाडी आलीच. कोवळा अधिकारी, दक्षिणेकडचा, मिशाही नीट फुटलेल्या नाहीत. तो वर बघतो तर काय, पांढऱ्या अक्षरांवर काळे ठिपके. गावच्या सगळ्या बायका पहाटेपासून वर चढून आपापल्या दगडावर बसल्या होत्या. मी तिसऱ्या अक्षराच्या टोकाला, तू सांगितलंस तिथे. कुणी लोकर कातत होती, कुणी पोराला पाजत होती. अधिकारी धापा टाकत वर आला आणि म्हणाला, “आजी, मला नाव उडवायचा हुकूम आहे, बायका उडवायचा नाही. उठा की.”

मी म्हटलं, बाळा, आधी भाकर खा. चीज होतं, कांदा होता. भुकेला पोरगा, बसला आणि खाल्ली. खाऊन झाल्यावर म्हटलं, आता तू माझा पाहुणा झालास. पाहुणा यजमानाच्या वस्तूला हात लावत नाही, आणि तू बसलास तो दगड माझाच आहे. दक्षिणेकडचा असला तरी एवढं त्याला कळत होतं. तो हसला. गावाचा ठराव दाखवा म्हणाला. मास्तरांनी दाखवला. त्यानं वाचला, वरिष्ठांना काय सांगायचं ते मी बघतो म्हणाला, आणि त्याच्याच शिपायांना पहारी आणायला लावल्या.

माझा दगड पहिला उलटला. पाश्क, क्रूस तसाच होता. ओली माती आणि दोन गोगलगायी, पण चुन्याचा एक शिंतोडा नाही. तुझ्या दाजींनी वाचवलेलं तोंड मी चोवीस वर्षांनी पाहिलं.

मग साऱ्या डोंगराला सुटका झाल्यासारखं झालं. ज्याला त्याला आपला दगड हवा. गाढवं आली, खेचरं आली. दुपारी कोल मार्का गुपचूप गाढव घेऊन आला. त्याच्याही बापाच्या शेताचा दगड दुसऱ्या अक्षरात होता म्हणे. पोरांनी त्याला चुना देऊ का म्हणून विचारलं. त्यानं मान खाली घालून दगड बांधला. मी पोरांना गप्प केलं. ज्याचा त्याचा दगड, त्यात कोलचाही आला.

आठ तारखेला आमच्या शेतात खणायचं होतं. दोन्ही घरं आली, मास्तर मधे. गीन बाहेर आला तेव्हा उन्हानं त्याचे डोळे मिटत होते. नूएची पोरं एका बाजूला, बंदुका घरी ठेवून. आधी आम्ही म्हणत होतो तिथे, अक्रोडाच्या पलीकडे खणलं. माती, मुळं, आणखी काही नाही. अजून खोल खणा म्हटलं. खणलं. काही नाही. मग नूए म्हणत होता तिथे. कमरेएवढा खड्डा झाल्यावर पहार वाजली. एक कपची निघाली, दुसरी निघाली, चारही निघाल्या. मास्तरांनी एकेक धुऊन आमच्या दगडाच्या खाचांत बसवली. दात जबड्यात बसावा तशी बसली.

हद्द अलीकडे आहे, पाश्क. नूए खरं बोलत होता. पट्टा त्याचा, अक्रोडही त्याचा. ज्या दगडासाठी मी गाव पेटवलं, त्यानं माझ्याविरुद्ध साक्ष दिली.

मी गीनच्या तोंडाकडे बघितलं. तो दगडापाशी गेला. मग वाकला, दगड खांद्यावर घेतला, रीतीप्रमाणे ज्याची जमीन त्यानं न्यायचा तो, पण नूएचं वय झालंय, म्हणून गीननं घेतला, आणि नेऊन खड्ड्यात उभा केला. क्रूस आमच्या घराकडे. मग नूएच्या थोरल्यासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “मारलं ते चुकलं. तुझं खरं होतं.”

नूएच बोलला. म्हणाला, “गीन, अक्रोड तुझ्या बापानं पाणी घालून जगवलाय. सावलीला हद्द नसते, बसत जा.”

गीन म्हणाला, “काका, सावली घेतो, पण अक्रोड पडतील ते?”

नूए म्हणाला, “वारा ज्याचा, त्याचे.” आणि थोरला हसला. पाश्क, तो हसला आणि मी तिथेच मातीत बसले.

नावाचं म्हणशील, तर पहिली तीन अक्षरं गेली. दोन अजून वाचता येतात, कारण त्यांतल्या बऱ्याच दगडांना धनीच उरलेले नाहीत. घरंची घरं परदेशी गेली. तरुण पोरं म्हणतात, उरलेले फोडून टाकू. मास्तर म्हणतात, राहू द्या, परत येणारा कुणी असेल. तूर्त ठरलंय की चुना कुणी द्यायचा नाही, आणि पाटीवर एवढंच लिहायचं: न विचारता आणले, विचारून नेले. पुढच्या रविवारी पुन्हा सभा आहे. मला बोलायचंय. तुला काय वाटतं ते लवकर लिही, मी वाचून दाखवीन. भांडलास तरी चालेल, पण आता सभेत भांड, अर्ज धाडू नकोस.

काल संत अँथनीचा सण झाला. आमची दोन्ही घरं मिळून चर्चला चालत गेलो. नूएच्या बायकोनं रस्त्यात माझ्या हातातलं गाठोडं घेतलं, गीन आणि थोरला पुढे काहीतरी बोलत चालले होते, आणि परत येईपर्यंत अंधार पडला होता. घरी येऊन चूल पेटवताना मला आठवलं की शब्दाची मुदत आजच संपली. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

तुझी बहीण,
दिला